भरताचा वास येत नाही, म्हणजे सायनस का?

यावल तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, चार पानी आहे म्हणून थोडक्यात सांगतो. वसुबारसेला नाक गळायला लागलं, घसा खवखवला, साफसफाई आणि फराळाच्या गडबडीत दुर्लक्ष झालं, पाडव्याला-भाऊबीजेला बऱ्यापैकी बरं वाटलं आणि मग दोन दिवसांनी परत जोरात चढलं. आता उजवा गाल जड, खाली वाकलं की डोळ्याखाली ठणकतं, उजवीकडच्या वरच्या दाढा दुखतात, नाकातून पिवळं घट्ट येतं ते पण उजवीकडूनच, त्याला घाण वास आहे असं घरचे म्हणतात, रात्री ते घशात उतरतं आणि खोकला येतो, ताप ९९-१०० च्या आसपास. "परवा अंगणात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजली, सगळी गल्ली वासाने भरली आणि मला काहीच नाही, नाकाला बूच मारल्यासारखं" असं त्या लिहितात. पत्र लिहिताना बारावा दिवस. जाऊबाई म्हणतात हे सायनसच, मला तर दर महिन्याला होतं, माझ्याकडच्या अझिथ्रोच्या (अझिथ्रोमायसिन, अँटिबायोटिक) गोळ्या घे, आणि त्यातली एक घेऊन पण झाली. सासूबाई म्हणतात ओव्याची वाफ घे. ताईंचा प्रश्न असा की सायनसचं इन्फेक्शन ओळखायचं कसं आणि जाऊबाईंचं नि माझं एकच आहे का.

ताई, आधी माझं सांगतो म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी डॉक्टर नाही. अमळनेरला औषधाचं दुकान आहे, बावीस वर्षं काउंटरमागे उभा आहे आणि या बावीस वर्षांत "भाऊ, डोकं दुखी ऱ्हायनं, सायनसनी गोई द्या" हे वाक्य किती वेळा ऐकलं त्याचा हिशोब नाही. तिकडे तुमची लेवा बोली, इकडे आमची अहिराणी, पण सायनस हा शब्द दोन्हीकडे सारखाच बसलाय. कपाळ दुखलं सायनस, नाक चोंदलं सायनस, उन्हातून आल्यावर डोळे जड झाले तरी सायनस. सायनसची गोळी अशी काही वेगळी नसते हो. मी समोरच्याला उलट एकच विचारतो, कितला दिन व्हयनात? बहुतेकांना ते सांगताच येत नाही. तुम्ही मात्र वसुबारस, पाडवा, भाऊबीज असं सगळं तारखेवार लिहिलंत आणि अर्धं उत्तर तिथेच दिलंत.

ते कसं ते सांगतो. सायनस म्हणजे आजार नाही, त्या चेहऱ्याच्या हाडातल्या पोकळ्या आहेत, सगळ्यांनाच असतात. गालात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे आणि पार आत नाकाच्या मागे, अशा चार जोड्या. आतून ओलसर अस्तर असतं, त्यात रोज पातळ चिकट पाणी तयार होतं आणि बारीक केसांसारखे तंतू ते ढकलत ढकलत नाकात आणून सोडतात. आता गालाच्या पोकळीची गंमत बघा, तिचं भोक तळाला नाही तर वरच्या बाजूला आहे, म्हणजे गच्चीवरच्या टाकीला आउटलेट खाली न देता वर झाकणाजवळ दिल्यासारखं. एरवी ते तंतू उलटे चढवून पाणी बाहेर काढतात म्हणून काही कळत नाही. सर्दी झाली की अस्तर सुजतं, ते एवढंसं भोक बंद होतं, आतलं आत साचतं, म्हणून गाल जड, वाकलं की ठणका, आणि वरच्या दाढा दुखतात कारण त्यांची मुळं त्या पोकळीच्या तळाला अगदी चिकटून असतात. आणि वास का येत नाही तर वास ओळखणारी जागा नाकाच्या पार वरच्या टोकाला आहे, सुजलेल्या नाकात भरताचा धूर तिथपर्यंत पोचतच नाही.

पण आता नीट वाचा, कारण इथेच सगळे घसरतात. ही सगळी लक्षणं साध्या व्हायरल सर्दीत पण होतात. गाल जड, नाक बंद, घट्ट शेंबूड, सगळं. व्हायरसने सुद्धा सायनस सुजतातच आणि ते आपोआप उतरतं. मोठ्या माणसांच्या शंभर सर्दींमधल्या जेमतेम एक-दोन पुढे बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनपर्यंत जातात. आणि रंगावरून तर काहीच ठरवू नका. लोक रुमाल उघडून दाखवतात मला, खरंच दाखवतात, भाऊ हिरवं आलंय आता अँटिबायोटिक द्याच. तो हिरवा-पिवळा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो, त्या जंतूंशी लढायला येतात आणि त्यांच्यातल्या एका रसायनाचा रंग हिरवट असतो, व्हायरल सर्दीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो यायचाच.

मग डॉक्टर लोक काय बघतात? दिवस आणि चढउतार. सर्दी सुरू होऊन दहा दिवस झाले आणि काडीचा फरक नाही, ही एक तऱ्हा. दुसरी, सुरुवातच जबरदस्त, १०२ च्या वर ताप आणि सोबत पुवासारखा शेंबूड नाहीतर चेहऱ्यात ठणका, आणि ते सलग तीन-चार दिवस. तिसरी तऱ्हा तुमची, पाच-सहा दिवसांनी बरं वाटायला लागलं आणि मग उलटून परत चढलं. साधी सर्दी अशी वागत नाही, ती तिसऱ्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जास्त असते आणि मग हळूहळू उतरते, खोकला-बिकला रेंगाळतो पण एकदा उतरलेलं परत उसळी मारत नाही. तुमचं पाडव्याला उतरलं आणि भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी वर गेलं, त्यात आज बारावा दिवस, एकाच बाजूचा गाल, एकाच बाजूच्या दाढा. त्यामुळे तुमच्या बाबतीत जाऊबाईंचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता मलाही चांगलीच वाटते, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि हे "बघू दोन दिवस" वालं नाही, या आठवड्यातच.

आता एक गोष्ट तुम्ही पत्रात तिसऱ्या पानावर सहज लिहून गेलात, श्रावणात कानबाईच्या सणाआधी उजवीकडच्या दाढेत सिमेंट भरलं म्हणून. ती वरची दाढ का खालची ते लिहिलं नाहीत, पण वरची असेल तर हे डॉक्टरांना सांगायचंच आणि दातांच्या डॉक्टरांनाही ती दाढ दाखवायची. एकाच बाजूचा शेंबूड, त्याला घाण वास आणि त्याच बाजूची किडकी नाहीतर भरलेली वरची दाढ, हे तीन एकत्र आले की इन्फेक्शन दाढेच्या मुळातून वर पोकळीत गेलेलं असू शकतं, आणि तसं असेल तर नाकाचे कितीही कोर्स केले तरी दाढेचा बंदोबस्त होईपर्यंत ते परत परत येत राहतं. घरी एक करून बघा, चमच्याच्या दांड्याने वरचे दात एकेक हळूच ठोकून बघा. तीन-चार दाढा सारख्याच दुखऱ्या लागल्या तर सायनसचा दाब जास्त वाटतो, एकच दाढ सणकून दुखली आणि गार पाणी पण तिलाच झोंबत असेल तर संशय दाढेवर. ही काही तपासणी नाही, पण डॉक्टरसमोर बसल्यावर सांगायला बरं पडतं.

एकाच नाकपुडीवरून आठवलं, तुमचा मुलगा पाच वर्षांचा आहे आणि त्याचं नाक पण सारखं वाहतं असं लिहिलंय. दोन्हीकडून वाहत असेल तर शाळेत जाणाऱ्या पोरांना वर्षातून सहा-आठ सर्द्या होतातच, काळजी नको. पण एकाच नाकपुडीतून घाण वासाचं येत असेल तर आत काही अडकलंय का ते दाखवून घ्या. दुकानात एक आजी नातवाला घेऊन यायच्या, दर आठवड्याला सर्दीचं सिरप, मीच एकदा म्हटलं आजी याचं एकाच बाजूने कसं वाहतंय, दाखवून या. डॉक्टरांनी आतून फुगलेला हरभरा काढला, मोड आलेला!

आता जाऊबाई. तुमच्या लिहिण्यावरून त्यांचं असं आहे, महिन्यातून एकदा, बहुतेक पाळीच्या आगेमागे, कपाळ आणि डोळ्यामागे ठणका, उलटीसारखं होतं, लाईट बंद करून पडून राहतात, चतुर्थीचा उपास आणि उन्हातलं काम एका दिवशी आलं की हमखास, आणि एक-दोन दिवसांत आपोआप मोकळं. ताई, याला सायनस म्हणत नाहीत, हा मायग्रेनचा चेहरा दिसतोय. नाक चोंदतं आणि डोळ्यातून पाणी येतं म्हणून लोकांना सायनस वाटतो, पण मायग्रेनमध्ये पण नाक चोंदतं आणि डोळे पाणावतात कारण चेहऱ्याची आणि डोक्याची नस एकच आहे. २००४ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास छापून आला, "मला सायनसची डोकेदुखी आहे" असं म्हणणारे किंवा डॉक्टरांनीच तसं सांगितलेले २९९१ लोक तपासले तर त्यातल्या ८८ टक्के लोकांची डोकेदुखी मायग्रेनच्या जातीची निघाली.

आणि हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये फक्त, मी स्वतः सहा वर्षं त्या ८८ टक्क्यांत होतो. एका दवाखान्यात एक्स-रे काढला, सायनस आहे म्हणाले, दरवेळी पाच दिवसांचं अँटिबायोटिक, आणि गंमत म्हणजे दरवेळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटायचं, मी खूश, दुकान माझंच असल्यामुळे गोळ्या पण घरच्याच. मायग्रेनचा अटॅक चार तासांपासून ७२ तासांपर्यंत चालतो आणि मग आपोआप उतरतो हे मला औषधं विकत असूनही डोक्यात आलं नाही, अटॅक जायचा स्वतःच्या पायाने आणि शाबासकी मिळायची गोळीला. शेवटी बायकोने विचारलं की अहो तुमचं सायनस बरोबर जागरणाच्या दुसऱ्याच दिवशी कसं येतं, लग्नसराईत कसं वाढतं? तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. जाऊबाईंना एवढंच सांगा की कॅलेंडरवर दोन महिने खुणा करा, कोणत्या दिवशी दुखलं, पाळी कधी, उपास कधी, ऊन कधी, किती गोळ्या घेतल्या, आणि ते कॅलेंडर घेऊन फिजिशियनकडे जा. महिन्यात दहा-पंधरा दिवस पेनकिलर होत असेल तर त्या गोळ्यांनीच डोकेदुखी वाढते, हे पण सांगा, रागावल्या तर माझं नाव घ्या.

अजून एक जात आहे जी सायनस म्हणून खपते, ती म्हणजे अॅलर्जी. सकाळी उठल्या उठल्या आठ-दहा शिंका, नाक-डोळे-टाळू खाजणं, पाण्यासारखं पातळ गळणं, ताप नाही, ठणका नाही. आपल्याकडे तर याला तोटा नाही, नंदुरबारला मिरचीच्या पथारीजवळून मोटरसायकलवर गेलं तरी निरोगी माणूस शिंकतो, जिनिंगमध्ये कापसाची तूस, आणि दिवाळीच्या आधी माळ्यावरची धूळ काढणं. तुमची सुरुवात पण साफसफाईतच झाली, त्यामुळे आधी थोडी अॅलर्जी असू शकेल, पण पुढचं जे झालं ते अॅलर्जीचं नाही. खाज हा शब्द ज्याच्या तक्रारीत सारखा येतो त्याला मी आधी अॅलर्जी विचारतो.

घरी काय करायचं ते सांगतो डॉक्टरकडे जाईपर्यंत. ओव्याची वाफ, सासूबाईंना नाही म्हणू नका, तात्पुरतं मोकळं वाटतं, पण वाफेने इन्फेक्शन बरं होतं असं नाही आणि उकळत्या पातेल्यावर डोकं धरून पोराला मांडीवर घेऊन बसायचं तर अजिबात नाही, पातेलं कलंडून भाजलेल्या पोरांची मलमं मी दिलीयेत. त्यापेक्षा मिठाच्या पाण्याने नाक धुणं चांगलं. पाव लिटर पाणी, अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा, सपाट), चिमूटभर खायचा सोडा. पाणी मात्र खळखळून उकळून गार केलेलंच, बोअरचं नाही, नळाचं नाही, फिल्टरचं पण थेट नाही. न उकळलेल्या पाण्यातला अमिबा नाकातून मेंदूपर्यंत जाऊ शकतो, फार क्वचित होतं पण झालं तर माणूस वाचणं मुश्किल. ठणक्याला पॅरासिटामॉल चालेल, फक्त सर्दीच्या तयार गोळ्यांत पण पॅरासिटामॉल असतंच, दोन्ही मिळून डबल डोस करू नका. आणि बीपीवाल्यांनी सर्दीच्या गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, नाक मोकळं करणारं औषध त्यात असतं ते बीपी वाढवतं. नाकात टाकायचे ड्रॉप, जे टाकल्या टाकल्या नाक खाडकन उघडतात, ते तीन दिवस, फार तर पाच. त्याच्यापुढे नाकाला त्याची सवय लागते, ड्रॉप सोडला की डबल चोंदतं, मग परत ड्रॉप. माझं एक गिऱ्हाईक चार वर्षं शर्टाच्या खिशात बाटली घेऊन फिरत होतं, सायनस आहे सायनस आहे म्हणत, निव्वळ ड्रॉपचं व्यसन.

सासूबाईंना शुगर आहे असं तुम्ही कंसात लिहिलंत, मी मात्र ते कंसात ठेवणार नाही. त्यांना पुढेमागे असं नाक-गाल दुखलं तर दहा दिवस मोजत बसायचं नाही. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीने काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय, शुगर वाढलेली आणि स्टेरॉइड घेतलेली माणसं त्यात जास्त होती. गाल एका बाजूने बधिर होणं, नाकातून काळसर खपली किंवा रक्ताळ येणं, टाळूला काळा डाग, डोळ्याची पापणी पडणं, एकाचे दोन दिसणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात, रात्री असेल तर रात्री. आणि शुगर नसलेल्यांसाठी पण, म्हणजे तुमच्यासाठी पण: डोळ्याभोवती सूज-लाली, डोळा पुढे आल्यासारखा किंवा अंधुक दिसणं, कपाळावर मऊ फुगवटा, मान आखडून असह्य डोकेदुखी, जोराचा ताप, बडबड किंवा गुंगी, यात अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. सायनस आणि डोळा यांच्यामधे कागदाएवढं पातळ हाड आहे, मेंदूही लांब नाही.

डॉक्टरकडे गेल्यावर "मला सायनस झालाय" असं सांगू नका, ते तुमच्या पत्रातलं पहिलं पान वाचून दाखवा, वसुबारसेपासून. एक्स-रेचा आग्रह धरू नका, एवढ्यात त्यातून फारसं कळत नाही, साध्या सर्दीत पण तो धुरकट येतो. सीटी स्कॅन लागतो तो बारा आठवड्यांच्या वर रेंगाळलं तर, सारखं उलटत असेल तर, दाढेवर नाहीतर डोळ्यावर संशय असेल तर. अँटिबायोटिक द्यायचं का नाही ते ते ठरवतील, दिलं तर दोन-तीन दिवसांत ठणका कमी व्हायला हवा, नाही झाला तर परत जायचं, गोळी आपल्या मनाने बदलायची नाही. वास हळूहळू येईल, सूज उतरायला वेळ लागतो, महिना-दीड महिना झाला आणि तरी भाजलेल्या वांग्याचा वास येत नसेल तर तेवढ्यासाठी परत दाखवा.

राहिला जाऊबाईंच्या अझिथ्रोचा विषय. सायनसच्या बॅक्टेरियावर हल्ली ते औषध नीट चालत नाही, बऱ्याच जंतूंना सवय झालीय, म्हणून डॉक्टर पहिलं औषध म्हणून ते सहसा देत नाहीत, आणि चिठ्ठीशिवाय ते द्यायचं नाही असा नियम असूनही आमच्यातलेच काही देतात, ते मी काय बोलू. तुम्ही एक घेतलीत, ठीक आहे, आता उरलेल्या घेऊ नका, ती स्ट्रिप तशीच पर्समध्ये टाका आणि डॉक्टरांसमोर ठेवा, किती तारखेला घेतली ते सांगा. आणि ती दाढ वरची होती का खालची, तेवढं मला उलट टपाली कळवा.